फळबागेतले मित्रकीटक : लेखांक ६
फळमाशीला अंड्यातच गाठणारी

मिथाइल युजेनॉलच्या सापळ्यात नर माश्या अडकतात, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. फळाला डंख करणारी मादी मात्र मोकळीच राहते. तिने फळात घातलेली अंडी हुडकून काढणारी एक गांधीलमाशी आहे, आणि तिचा पराक्रम जगाने पाहिला तो हवाई बेटांवर.

आपल्या आंब्या-पेरूंना लागणारी फळमाशी, बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, १९४०च्या दशकात तिथे पोहोचली. रानोमाळ पेरू, त्यामुळे तिचं फावलं. मग कीटकशास्त्रज्ञांनी तिचे शत्रू देशोदेशींहून आणून सोडले. त्यांतल्या तीन परोपजीवी गांधीलमाश्या पाठोपाठ वरचढ ठरल्या. आधी डायकॅस्मिमॉर्फा लाँगिकॉडाटा, मग फोपियस वँडेनबॉशी, शेवटी फोपियस ॲरिसॅनस. शेवटचीने आपली जागा सोडली नाही.

लाँगिकॉडाटा फळातल्या वाढलेल्या अळीत अंडं घालते. पण अळी जाडजूड आंब्याच्या गरात खोल शिरली, की गांधीलमाशीची अंडं घालायची लांब सुईही पुरत नाही. ॲरिसॅनस त्याआधीच येते. भाताच्या दाण्याहून लहान अशी ही मादी सालीवर फिरत माशीच्या डंखाचा वास घेते आणि त्याच छिद्रातून सुई घालून सालीखालच्या अंड्यात आपलं अंडं ठेवते. त्या अंड्यातून माशीची अळी नेहमीसारखी निघते, गर खाते, मातीत उतरून कोषात जाते. तोवर गांधीलमाशीची चिमुकली अळी तिच्या पोटात थांबून असते. कोषात मात्र ती यजमानाला संपवते, आणि माशीऐवजी तीच बाहेर येते. ती माणसाला चावत नाही.

यातली मर्यादा बागायतदाराने नीट समजून घ्यायला हवी. डंख लागलेलं फळ वाचत नाही. वाचतात ती पुढच्या पिढीच्या माश्यांनी नासवली असती ती फळं. म्हणून एका बागेत गांधीलमाश्या सोडून त्याच हंगामात फरक शोधणं व्यर्थ आहे. गावाभोवतीच्या रानपेरूंतून, बेवारस झाडांतून त्यांचं बस्तान बसावं लागतं. ताहितीत तसंच झालं. माशी १९९६मध्ये आढळली, नंतर ॲरिसॅनस आणली, आणि पेरूतल्या निम्म्याच्या आसपास माश्या तिच्या कह्यात गेल्या. केनियात माशी २००३मध्ये सापडली. नैरोबीच्या ‘इसिपे’ संस्थेने हीच गांधीलमाशी हवाईहून मागवली.

सरसकट फवारणीत माशीबरोबर तीही मरते. त्यापेक्षा ठिकठिकाणी लावलेलं प्रथिनांचं आमिष बरं. आणि गळलेल्या फळांचं काय? ती खोल पुरा, असं आपण सांगतो. सल्ला चुकीचा नाही, पण त्यात गांधीलमाश्याही गाडल्या जातात. हवाईत यावर जाळीचा तंबू वापरतात. डंखलेली फळं आत टाकायची, खालची कड मातीने घट्ट दाबायची. जाळीच्या भोकांतून बारीक गांधीलमाशी निसटते. जाड माशी आतच मरते. गळ वेचायला मजूर लागतातच. तीच फळं खड्ड्याऐवजी अशा तंबूत टाकून पाहायला कोकणातल्या आंबा बागायतदारांनी हरकत नाही.