घोट्याला हात कशासाठी लावायचा?

पाय मुरगळला की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो ‘चोळून घे’ आणि लगोलग दुसरा, ‘बसवून घे’. घोट्याचं हाड जागचं सरकलं आहे, जाणत्या हातानं ते बसवलं की दुखणं संपलं, अशी त्यामागची समजूत. प्रत्यक्षात पाऊल आत वळून घोटा मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात किंवा फाटतात. बसवण्यासारखं हाड तिथे नसतंच. सांधा ओढल्यावर येणारा ‘कट्’ आवाजही हाड जागेवर गेल्याची खूण नव्हे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी बोटं मोडताना सांध्यांचं एमआरआय चित्रण केलं, ते २०१५ साली प्रसिद्ध झालं. त्यात आवाजाच्या क्षणी सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होताना दिसली. पण म्हणून फिजिओथेरपिस्टच्या हातांनी होणारे उपचार कुचकामी ठरत नाहीत. ते उपयोगी आहेत, मात्र निराळ्याच कामासाठी आणि थोड्या काळापुरते, असं उपलब्ध पुरावा पाहून मला वाटतं.

ते काम समजायला घोट्याची एक हालचाल पाहावी लागते. उकिडवं बसताना किंवा जिना उतरताना नडगी पावलावर पुढे झुकते. त्या वेळी टॅलस हे घोट्यातलं हाड नडगीच्या दोन हाडांच्या बेचक्यात किंचित मागे सरकतं. मुरगळल्यानंतर सूज आणि वेदनेमुळे हीच हालचाल आखडते. फिजिओथेरपिस्ट टॅलसवर हळुवार, लयीत दाब देऊन त्याला मागे सरकवतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नुकताच घोटा मुरगळलेले ४१ रुग्ण होते. सगळ्यांना विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं हे नेहमीचे उपचार होतेच. ज्यांना त्यासोबत हा दाब मिळाला त्यांची हालचाल कमी भेटींत वेदनारहित झाली. यातलं श्रेय सगळं सांध्याचं नसावं. स्पर्श आणि दाबामुळे मज्जासंस्था वेदनेचे संदेश काही काळ दबवते असं मानलं जातं, आणि म्हणूनच हा आराम अल्पायुषी असतो.

अमेरिकेत २०१३ साली ७४ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हातांचे उपचार आणि व्यायाम दोन्ही मिळालेले लोक, घरी व्यायाम करणाऱ्यांपेक्षा चार आठवड्यांनी आणि सहा महिन्यांनीही सरस ठरले. यावर रास्त आक्षेप असा की पहिल्या गटाला उपचारकाचा सहवास अधिक लाभला. शिवाय अंगाला हात लागतो आहे हे रुग्णापासून लपवता येत नाही. तेव्हा आपुलकीचा परिणाम कोणता आणि दाबाचा कोणता? हा आक्षेप मला वजनदार वाटतो. त्यामुळे दोन्ही गटांना बाकी उपचार सारखेच देऊन एकालाच वर हातांचा उपचार दिलेल्या चाचण्या अधिक बोलक्या आहेत. घोट्याचं हाड मोडलेल्या ९४ जणांच्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात (२००८) अशा जोड-उपचारानं काही फायदा झाला नाही, खर्चाच्या अंगानंही नाही. टाचदुखीच्या ५० रुग्णांत (२०१५) घोट्याचा आणि पावलाच्या मधल्या भागाचा सांधा हलवून वेगळं काही साधलं नाही. उलट टाचदुखीच्याच ६० रुग्णांच्या २००९ मधल्या चाचणीत हातांचे उपचार जिंकले होते, पण तिथे व्यायाम दोन्हीकडे असला तरी तुलना यंत्रोपचारांशी होती. प्रतिस्पर्धी कोण हे पाहिल्याशिवाय विजयाचं मोल ठरत नाही.

मग चोळून बरं वाटत असेल तर बिघडलं काय? एक तर हाड मोडलेलं असू शकतं. दुखापतीनंतर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या उंचवट्यांच्या मागच्या कडेवर दाबल्यावर हाडच दुखत असेल, तर आधी एक्स-रे. कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९२ साली मांडलेले हे ‘ओटावा नियम’ जगभर वापरले जातात. तोवर घोटा चोळायचा नाही, बसवायचा तर नाहीच. दुसरं असं की दुखणं थांबणं म्हणजे घोटा सावरणं नव्हे. पाऊल जमिनीवर कसं पडतं आहे याची जाणीव करून देण्यात अस्थिबंधांचाही वाटा असतो. त्यांना इजा झाली की ती जाणीव मंदावते आणि तोच पाय पुन्हा मुरगळतो. नेदरलँड्समध्ये घोटा दुखावलेल्या ५२२ खेळाडूंच्या अभ्यासात (२००९) एका गटानं आठ आठवडे घरच्या घरी, देखरेखीविना, तोल सावरण्याचे व्यायाम केले. वर्षभरात त्यांच्यातल्या २२ टक्क्यांचा घोटा पुन्हा दुखावला. व्यायाम न देण्यात आलेल्यांत हेच प्रमाण ३३ टक्के होतं.

व्यायामानंच काम होतं तर हात लावायचाच कशाला, असा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर आखडलेल्या घोट्यात आहे. नडगी पुढे झुकतच नसेल, तर एका पायावर उभं राहून गुडघा वाकवण्याचा व्यायाम नीट जमणार कसा? दाबानंतर मिळालेल्या मोकळ्या हालचालीत तो करून घ्यायचा असतो. म्हणून उपचारकाला विचारण्याचा प्रश्न साधा आहे: हात काढल्यावर मी आज काय करायचं? त्यावर व्यायाम न सांगता फक्त पुढच्या भेटीची तारीख मिळत असेल, तर उपचार अर्ध्यावरच सुटलेला असतो.