संगणकातलं जलंब जंक्शन

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी शेगावला ताईकडे गेलो, की माझी भाची मला आधी माठातलं पाणी देते आणि मागोमाग एखादं कोडं घालते. या खेपेला मी पेला खाली ठेवतो न ठेवतो तोच ती म्हणाली, "मामा, आपल्या संगणकातली जुनी सिस्टीम काढून टाकायची आहे. डिलीट कुठून करू?"

मी म्हटलं, "डिलीट करायला ती काय फोटो आहे? आधी मला सगळी हकीकत सांग."

हकीकत अशी होती. ताईकडचा संगणक २०११ सालचा. घेतला तेव्हा त्यात विंडोज ७ होतं. १४ जानेवारी २०२० पासून विंडोज ७ ला सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळणं बंद झालं. म्हणजे संगणक चालतो, पण इंटरनेटवर नवनवे व्हायरस आले तर त्यांना अडवायला कुणी नाही. शेगावात १९८३ पासून श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. भाचीचा चुलतभाऊ तेव्हा तिथे शिकत होता. त्याने जुन्या विंडोजला हात न लावता शेजारी लिनक्स नावाची दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवून दिली. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्डस या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने जिचा गाभा लिहायला घेतला आणि जी आज कुणीही फुकट वापरू शकतो, तीच ही.

तेव्हापासून संगणक सुरू केला, की पडद्यावर दोन ओळी यायच्या. वर लिनक्स, खाली विंडोज. दहा सेकंदांत तुम्ही निवडा, नाहीतर वरची गाडी आपोआप सुटणार! याला म्हणतात ड्युअल बूट. एकच संगणक, पण घरं दोन.

आता अडचण जागेची होती. डिस्क ३२० जीबीची. त्यातली २०० जीबी जुन्या विंडोजकडे आणि फक्त १२० लिनक्सकडे. भाची नववीत जाणार. तिची चित्रं, शाळेच्या प्रकल्पाचे व्हिडिओ, सगळं लिनक्समध्ये. तिथे पाय ठेवायला जागा नाही आणि शेजारच्या मोठ्या घरात महिनोन् महिने कुणी फिरकत नाही. मग ते रिकामं का करू नये? प्रश्न अगदी रास्त होता.

मी विचारलं, "तू मुंबईच्या गाडीने कधी गेली आहेस?"

"हो, दिवाळीत."

"शेगाव सोडलं की पुढे कोणतं जंक्शन लागतं?"

"जलंब!" ती पटकन म्हणाली.

दोस्तांनो, जलंबचं जंक्शन लहानसंच आहे, पण फार मजेचं. तिथून मुख्य मार्ग भुसावळकडे जातो आणि एक फाटा फुटून खामगावला जातो. खामगाव ही कापसाची मोठी पेठ. तिच्यासाठी १८७० साली हा साधारण १३ किलोमीटरचा फाटा सुरू झाला. आता गाडीला भुसावळला जायचं की खामगावला, हे कशावर ठरतं? सांध्यावर! रूळ जिथे फुटतात तिथला सांधा ज्या बाजूला वळवलेला, त्या बाजूला गाडी जाणार.

संगणकातही असाच एक सांधा असतो. त्याला बूट लोडर म्हणतात. लिनक्सबरोबर येतो त्याचं नाव ग्रब. २०११ च्या आसपासच्या पुष्कळ संगणकांत त्याचा पहिला तुकडा डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्यात बसतो. हा कप्पा केवढा? फक्त ५१२ बाइटचा! मराठीची जेमतेम १७० चिन्हं मावतील एवढा. इतक्याशा जागेत सगळं मावत नाही, म्हणून सांध्याचा उरलेला भाग लिनक्सच्या घरात ठेवलेला असतो.

"आता सांग," मी म्हटलं, "समजा खामगावचा फाटा कायमचा बंद करायचा आहे. तर काय काय करावं लागेल?"

भाचीने बोटं मोजली. "रूळ उखडायचे. सांधा भुसावळच्या बाजूला पक्का करायचा. आणि वेळापत्रकातून खामगावची गाडी काढायची."

"शाब्बास! यातलं एक जरी राहिलं तर?"

"गाडी घसरेल!"

असं घसरलेलं एक उदाहरण मला माहीत होतं. माझ्या शेजारच्या एका मुलाने याच्या उलट केलं होतं. त्याला लिनक्स नको होतं. विंडोजमध्ये बसून त्याने लिनक्सचा भाग पुसून टाकला आणि खूश होऊन संगणक बंद केला. दुसऱ्या दिवशी सुरू केला, तर काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' अशी अक्षरं आणि पुढे काहीच नाही. विंडोज जागच्या जागी शाबूत होतं, पण तिथे जायचा सांधाच त्याने पुसलेल्या घरात होता! शेवटी विंडोजची दुरुस्तीची सीडी घालून सांधा पुन्हा विंडोजच्या बाजूला बसवावा लागला.

आमचं काम त्या मानाने सोपं होतं. सांधा लिनक्सच्या घरात, आणि काढायचं होतं विंडोज. मी म्हटलं, "चल, तासाभरात उरकू."

एवढ्यात पलंगावर पेपर वाचत बसलेले आबाजी, म्हणजे भाचीचे आजोबा, चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "पोरी, ते पुसू नको वं! माही वही त्यातच आहे."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

आबाजी शाळामास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी वऱ्हाडी शब्द आणि म्हणी गोळा करायला घेतल्या. वावर, कास्तकार, पोट्टं, काहून असे रोजचे शब्द, आणि त्यांच्या आईच्या तोंडचे, आता कुणीच वापरत नाही असेही. प्रत्येक शब्दापुढे तो कुणाकडून ऐकला, कोणत्या गावी ऐकला, ते सारं लिहिलेलं. दोनशेच्या वर पानं आणि तीही एका बोटाने टाइप केलेली! त्यातली निम्मी माणसं आज हयात नाहीत. कागदावर काही नाही. सगळं विंडोजच्या घरात.

"त्यात काय, फाइली इकडे कॉपी करू," भाची म्हणाली. तिने केल्या. लिनक्समध्ये एक उघडली, आणि पडद्यावर काय आलं? इंग्रजी अक्षरांचा भुसा, मधेच पौंडाची खूण, मधेच उलटं प्रश्नचिन्ह. मराठीचं एक अक्षर दिसेल तर शपथ!

असं का झालं? बरं का मित्रांनो, संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. ६५ म्हटलं की तो इंग्रजी मोठा 'ए' समजतो. पूर्वीच्या मराठी फाँटमध्ये एक युक्ती केलेली असायची. आकडा इंग्रजीचाच ठेवायचा, पण त्या जागी चित्र मराठी अक्षराचं काढायचं. तो फाँट आहे तोवर मराठी दिसतं. फाँट गेला, की मुखवटा गळून पडतो आणि खालचं इंग्रजी उघडं पडतं. आबाजींचा फाँट विंडोजमध्ये होता. विंडोज पुसलं असतं, तर फाइली राहिल्या असत्या, पण वाचता आल्या नसत्या.

यावरचा पक्का उपाय म्हणजे युनिकोड. त्यात जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना स्वतःचे आकडे दिले आहेत. आपल्या 'क' चा आकडा २३२५. तो दुसऱ्या कुणाचा नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली, तीतच देवनागरी होती. विंडोज २००० पासून ती विंडोजमध्ये वापरता येऊ लागली. तिथे दिसणारा 'मंगल' हा फाँट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला आहे. पण आबाजींचा हात आधीच जुन्या कळफलकावर बसला होता, म्हणून ते त्याच फाँटमध्ये लिहीत राहिले.

तर तासाभराचं काम तीन आठवड्यांवर गेलं! पहिल्या दिवशी आम्ही विंडोज सुरू केलं आणि तिथेच बसून प्रत्येक फाइलची पीडीएफ केली. पीडीएफमध्ये पान जसं दिसतं तसं गोठवून ठेवता येतं, कारण फाँटही तिच्यातच भरता येतो. मग मूळ फाइलीही घेतल्या. हे सगळं एका पेन ड्राइव्हवर आणि एका बाहेरच्या डिस्कवर, असं दोन ठिकाणी ठेवलं. भाची म्हणाली, "झालं!" मी म्हटलं, "अजून नाही. कॉपी झाली म्हणजे वाचता येईलच असं नाही." ती पेन ड्राइव्ह घेऊन मैत्रिणीकडे गेली. तिच्या संगणकावर प्रत्येक पीडीएफ उघडून पाहिली, तेव्हा कुठे वहीत बरोबरची खूण केली.

नंतर जुन्या फाँटचं युनिकोड करणारा एक प्रोग्राम वापरला. तो पटापट काम करतो, पण पहिल्या वेलांटीला अडखळतो. 'पिठलं' चं 'पठिलं' झालं होतं आणि रफार उडून 'वर्ष' चं 'वष'. रोज दुपारी आबाजी पीडीएफमधून मोठ्याने वाचायचे आणि भाची चुका सुधारायची. एखाद्या शब्दाशी आबाजी थांबायचे आणि तो सांगणाऱ्या माणसाची गोष्ट सुरू व्हायची. त्या गोष्टीसुद्धा भाचीने वहीत टिपून घेतल्या.

सगळं तपासून झाल्यावर, एका रविवारी सकाळी लवकर, आम्ही खरं काम हाती घेतलं. सकाळी लवकर अशासाठी, की असं काम चालू असताना वीज जाता कामा नये. इन्व्हर्टरही भरून ठेवला होता.

लिनक्समध्ये जीपार्टेड नावाचा प्रोग्राम आहे. त्यात सबंध डिस्क आडव्या पट्टीसारखी दिसते. डावीकडे १०० एमबीचा एक चिमुकला भाग, मग २०० जीबीचा मोठा, आणि पुढे लिनक्सचा. पहिल्या दोघांपुढे 'एनटीएफएस' लिहिलेलं होतं, ते विंडोजचे. लिनक्सच्या भागापुढे 'ईएक्सटी४' आणि छोटं कुलूप, म्हणजे हा आत्ता वापरात आहे. भाचीने नाव, प्रकार आणि आकार तीन वेळा वाचून दाखवला. मग विंडोजचे दोन्ही भाग काढायची आणि त्या जागी एकच नवा भाग करायची सूचना दिली. गंमत म्हणजे तोवर काहीच पुसलं जात नाही. वरच्या हिरव्या खुणेवर टिचकी मारेपर्यंत मागे फिरता येतं.

"आबाजी, मारू का टिचकी?" तिने विचारलं.

"मार!"

काही सेकंदांत विंडोज गेलं. 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा देऊन आम्ही सांध्याला नवं वेळापत्रक शिकवलं. लिनक्सचा भाग डावीकडे ओढून मोठा करायच्या भरीला मात्र आम्ही पडलो नाही. त्याला तासन् तास लागतात आणि मधे वीज गेली तर सगळंच जाऊ शकतं. मोकळी जागा 'कपाट' या नावाने वेगळीच ठेवली.

संगणक पुन्हा सुरू केला. आणि... तो अडला! दीड मिनिट नुसताच थांबला आणि मग काळा पडदा.

आबाजींचा आवाज बारीक झाला. "गेलं का वं सारं?"

माझ्या पोटात गोळा आला होता. पण भाची शांतपणे म्हणाली, "आबाजी, तुमची वही दोन ठिकाणी आहे. संगणक नाही चालला तरी वही कुठे जात नाही."

मग मला आठवलं. चूक माझीच होती. लिनक्सकडे 'एफएसटॅब' नावाची एक यादी असते. सुरू होताना कोणकोणते भाग उघडायचे ते तिच्यात लिहिलेलं असतं. चुलतभावाने तिच्यात विंडोजचा भागही लिहून ठेवला होता. लिनक्स बिचारं ९० सेकंद त्याची वाट बघत बसलं, आणि तो येईना म्हणून थांबलं. त्या काळ्या पडद्यावरूनच यादी उघडली आणि विंडोजच्या ओळीपुढे '#' ही खूण केली, म्हणजे ती ओळ वाचू नकोस. पुन्हा सुरू केला, आणि चित्र रंगवलेला भाचीचा पडदा समोर आला!

मित्रांनो, तुमच्याही घरी हा प्रश्न येऊ शकतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि बऱ्याच जुन्या संगणकांवर विंडोज ११ नीट बसत नाही. तेव्हा एवढं लक्षात ठेवा:

१. जुन्या सिस्टीममध्ये कुणाकुणाचं काय आहे, ते घरातल्या प्रत्येकाला विचारा. आजी-आजोबांना आधी.

२. प्रती दोन ठिकाणी करा आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.

३. सांधा कोणाच्या घरात आहे ते शोधा. नव्या संगणकांत 'ईएफआय' नावाचा एक लहान भाग असतो. त्यात दोन्ही सिस्टीमचे सांधे एकत्र ठेवलेले असतात. तो भाग कधीही पुसू नका.

४. हिरवी खूण दाबायच्या आधी मोठ्या माणसाला शेजारी बसवा. (आई-बाबा, तुम्हीही बसा. तुम्हालाही शिकायला मिळेल!)

परवा भाचीचा फोन आला होता. 'कपाट' मध्ये तिने पहिला फोल्डर आबाजींचा केला आहे. आबाजी आता युनिकोडमध्ये लिहायला शिकताहेत. तेही एका बोटाने. आणि 'क' पासून सुरुवात केली आहे, बरं का!