इंद्रजाल कॉमिक्स

इंद्रजाल कॉमिक्स ही 'टाइम्स ऑफ इंडिया'ची प्रकाशक संस्था बेनेट, कोलमन आणि कंपनी हिने मुंबईहून प्रसिद्ध केलेली चित्रकथामालिका होय. तिचा पहिला अंक मार्च १९६४ मध्ये निघाला व १९९० मध्ये ती बंद झाली. या काळात आठशेहून अधिक अंक निघाले. मालिका इंग्रजीखेरीज मराठी, हिंदी, बंगाली आदी भारतीय भाषांतही प्रसिद्ध होत असे. मार्च २०२४ मध्ये तिच्या आरंभास साठ वर्षे पूर्ण झाली.

स्वरूप

आरंभीचे ३२ अंक ली फॉक यांच्या 'फँटम' या नायकाचे होते. पुढे मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर यांच्याही कथा येऊ लागल्या. मूळ कथा अमेरिकी वृत्तपत्रांतील चित्रपट्ट्यांच्या रूपात असल्याने त्या पुस्तकाच्या पानांत बसवताना काही चौकटी कापल्या वा गाळल्या जात. प्रथम मासिक असलेली ही मालिका पुढे पाक्षिक व नंतर साप्ताहिक झाली. 'अमर चित्र कथा'चे जनक अनंत पै यांनी आरंभीच्या काळात या मालिकेसाठी काम केले होते.

नावांचे भारतीयीकरण

मराठी आवृत्तीत फँटमचे नाव 'वेताळ' असे होते. लोकसमजुतीत वेताळ हा भुतांचा अधिपती असून कोकणात व गोव्यात तो ग्रामदैवत म्हणूनही पुजला जातो. मूळ कथेत मुखवटा व वेश पित्याकडून पुत्राकडे जातो; त्यामुळे रानातील लोक नायकाला अमर, 'चालते भूत' मानतात. भीती आणि रक्षण हे दोन्ही अर्थ वेताळ या एकाच शब्दात असल्याने परका नायक मराठी वाचकास परका वाटला नाही.

इतर काही नावे वाचकांच्या भावना लक्षात घेऊन बदलण्यात आली. मूळ देशाचे नाव बंगालशी मिळतेजुळते असल्याने तो 'डेंकाली' झाला. नायकाच्या पित्याचा मारेकरी 'रामा' हा 'रामालू' झाला आणि 'सिंग' चाच्यांची टोळी 'सिंगा' म्हणून ओळखली जाऊ लागली.

बहादूर

डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी निर्मिलेला 'बहादूर' हा भारतीय नायक मालिकेत दाखल झाला. दरोडेखोराचा हा मुलगा पोलीस अधिकाऱ्याच्या छायेत वाढतो आणि पुढे गावकऱ्यांना संघटित करून दरोडेखोरांचा सामना करतो. कुडता आणि जीन्स हा त्याचा वेश होता. गोविंद ब्राह्मणिया यांनी त्याची चित्रे काढली.

समाप्ती व वारसा

मालिका थांबल्यानंतर फँटम व मॅन्ड्रेकच्या कथा भारतात डायमंड कॉमिक्सने प्रसिद्ध केल्या. इंद्रजालचे अंक हातोहात फिरून जीर्ण होत आणि अखेर रद्दीत जात. त्यामुळे त्यांचे जतन मुख्यतः खासगी संग्राहकांनी केले आहे. परदेशी चित्रकथा मराठीत कशा रुजवल्या गेल्या, याचा पुरावा म्हणून मराठी अंकांना भाषांतराच्या इतिहासातही महत्त्व आहे.