परसातले खवले मांजर

रात्री परसात खरवडल्याचा आवाज येतो. कुत्रा भुंकतो. आपण म्हणतो, घूस असेल. पण दरवेळी घूसच असते असं नाही.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस शेजारच्या मुलाने मला हाक मारली, "गुरुजी, लवकर या! तुमच्या परसात फणस चालतोय!" बॅटरी घेऊन गेलो. काजूच्या बुंध्याशी एक खवले मांजर वारूळ उकरत होते. उजेड पडताच त्याने अंगाची गुंडाळी केली. खरोखर फणसच! आम्ही बॅटरी विझवली, कुत्रा बांधला आणि लांब पायरीवर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने ते उलगडले आणि गडग्याकडे निघून गेले.

नाव मांजर, पण मांजराशी याचं काही नातं नाही. लांबी शेपटीसकट सुमारे ३ फूट. अंगावर कौलांसारखे एकावर एक खवले. तोंडात एकही दात नाही. वीतभर चिकट जीभ वारुळात घालून ते मुंग्या आणि वाळवी खाते. हीच वाळवी आपल्या घराचे वासे पोखरते, हे ध्यानात घ्या.

दिवसा ते बिळात झोपते. म्हणून सारा जन्म कोकणात गेला तरी कित्येकांनी ते पाहिलेलं नसतं. खुणा मात्र दिसतात. सकाळी वारूळ फोडलेलं असतं, त्यावर नखांचे खोल ओरखडे असतात. एखाद्या उतारावर नवं बीळ दिसतं आणि तोंडाशी ताज्या मातीचा ढीग. त्यात हात घालू नका. धूर तर मुळीच करू नका.

धुराचं मुद्दाम सांगतो. मी दहा-अकरा वर्षांचा असताना आमच्या वाडीत धूर घालून एक खवले मांजर बाहेर काढलं होतं. काटक्या गोळा करणाऱ्यांत मीही होतो. त्याने गुंडाळी केली. शेवटी ते मारलं, तेव्हा पोटाशी धरलेलं पिल्लू सापडलं. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं. त्याचे खवले अजून मऊ होते.

ही गुंडाळी बिबट्यालासुद्धा सहजी सोडवता येत नाही. पण माणूस ती तशीच उचलून पोत्यात घालतो! खवल्यांना मोठा भाव येतो, त्यांचं औषध होतं, असं सांगत कोणी तुमच्या दारी येईल. त्याला वाटेला लावा. आपली नखं ज्या वस्तूची, त्याच वस्तूचे हे खवले. मग आपली नखं कोणी औषध म्हणून खातं का?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाला जे संरक्षण आहे, तेच याला आहे. मारणाऱ्याला आणि विकणाऱ्याला कमीत कमी ३ वर्षं कैद, शिवाय दंड. अडल्यानडल्या माणसाला पैशाची लालूच दाखवणारा पुष्कळदा निसटतो, आणि अडकतो तो गावचाच माणूस.

ते विहिरीत पडलं किंवा जखमी दिसलं, तर वनखात्याला १९२६ या नंबरावर फोन करा. धडधाकट असेल तर त्याच्या वाटेने जाऊ द्या. मोबाइलवर फोटो काढून गावभर पाठवू नका. तो फोटो पकडणाऱ्याच्या हातीही जातो.

आमच्याकडचं ते अजून अधूनमधून येतं. सकाळी वारूळ फोडलेलं दिसलं की मला कळतं. बीळ कुठे आहे, तेही मला ठाऊक आहे. ते मात्र इथे लिहीत नाही.