होलाका, ढुंढा आणि होलिका

फाल्गुन शुद्ध पौर्णिमेचा उत्सव महाराष्ट्रांत शिमगा, होळी व हुताशनी या नांवांनीं प्रसिद्ध आहे. त्याचें मूळ विचारलें असतां, प्रल्हादास मांडीवर घेऊन अग्नींत बसलेल्या होलिकेची कथा बहुधा सांगण्यांत येते. ही कथा आज सर्वतोमुखीं झाली आहे. तथापि तिच्यावरून उत्सवाचा उगम ठरवूं गेल्यास कालक्रम उलटा होतो. विष्णुपुराणाच्या प्रथमांशांत व भागवताच्या सप्तम स्कंधांत प्रल्हादचरित्र विस्तारानें आलें आहे. विष्णुपुराणांत तर प्रल्हादास अग्नींत टाकल्याचेंहि वर्णन आहे. पण होलिकेचें नांव या दोन्ही ठिकाणीं नाहीं.

उत्सवाचें जुनें नांव 'होलाका' असें आहे. काठकगृह्यसूत्रांत तें येतें. टीकाकार देवपाल त्याचा अर्थ स्त्रियांच्या सौभाग्यार्थ करावयाचें एक कर्म असा देतो व राका ही त्याची देवता सांगतो. वात्स्यायनाच्या कामसूत्रांत हाच शब्द लोकांच्या क्रीडांमध्यें गणला आहे. तेथें जयमंगला टीका म्हणते कीं, फाल्गुनी पौर्णिमेस शिंगांत पळसफुलांचें पाणी भरून तें परस्परांवर उडवीत. म्हणजे एकाच नांवाखालीं गृह्यकर्म व वसंतक्रीडा हीं दोन्ही नांदत होतीं.

जैमिनीच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांतील होलाकाधिकरण या दृष्टीनें फार महत्त्वाचें आहे. शबराच्या भाष्यांत होलाका पूर्वेकडील लोकांचा, आह्नीनैबुक दाक्षिणात्यांचा व उद्वृषभयज्ञ उदीच्यांचा आचार म्हणून दाखविला आहे. प्रश्न असा कीं, असा आचार त्या त्या देशापुरताच प्रमाण मानावा कीं सर्वांस? पूर्वपक्ष पहिल्या बाजूचा आहे. सिद्धांत असा कीं, आचारावरून ज्या विधीचें अनुमान करावयाचें, त्यास देशाची मर्यादा घालतां येत नाहीं; म्हणून तो सर्वांचाच धर्म होय. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. शबराच्या कालीं होलाका पूर्वेकडचा आचार म्हणून ओळखला जाई; आणि त्याच्या प्रामाण्याची चर्चा करितांना कोणत्याहि कथेचा आधार घेण्याची गरज मीमांसकांस भासली नाहीं.

कथा येते ती भविष्योत्तरपुराणांत, आणि तीहि प्रल्हादाची नव्हे. रघुराजाच्या राज्यांत माली राक्षसाची कन्या ढुंढा (पाठभेद ढौंढा) मुलांस पीडा देऊं लागली. शंकराच्या वरामुळें देव, मनुष्य वा शस्त्र यांपासून तिला भय नव्हतें; उन्मत्तपणें हुंदडणाऱ्या मुलांचें मात्र होतें. म्हणून शीतकाल संपून उष्णकाल लागतो त्या या पौर्णिमेस मुलांनीं लांकडें व गवत जमवून अग्नि पेटवावा, त्यास तीन प्रदक्षिणा घालाव्या, टाळ्या वाजवाव्या, हंसावें, मनास येईल तें बोलावें, असा उपाय सांगितला आहे. आमच्याकडील बोंब मारण्याच्या चालीची उपपत्ति या कथेंत नीट लागते. प्रल्हादकथेंत ती लागत नाहीं. या पुराणाच्या कालाविषयीं मतभेद असले, तरी हेमाद्रीनें व्रतखंडांत हा भाग उतरून घेतला आहे. हेमाद्रि हा देवगिरीच्या महादेव यादवाचा (इ. स. 1260–1271) श्रीकरणाधिप. तेव्हां तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही कथा महाराष्ट्रांतील धर्मशास्त्रकारांस मान्य होती, हें निश्चित.

'शिमगा' हें नांवहि ऋतूचेंच दिसतें. हेमचंद्राच्या देशीनाममालेंत (बारावें शतक) फाल्गुनोत्सवास 'सुगिम्हअ', म्हणजे सुग्रीष्मक, असा शब्द दिला आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनीं शके 1712 (इ. स. 1790) मध्यें रचिलेल्या धर्मसिंधूंतील पूजामंत्राचा भावार्थहि भयभीत झालेल्यांनीं होलिकेस रचिलें असाच आहे, त्यांत प्रल्हादाचा उल्लेख नाहीं.

मग ढुंढेच्या जागीं प्रल्हादाची होलिका आमच्या प्रांतांत केव्हां व कोणत्या मार्गानें आली? याचें उत्तर मोठ्या निबंधग्रंथांपेक्षां भिक्षुकांच्या घरच्या दोन-चार पानांच्या होलिकापूजनाच्या पोथ्यांत मिळण्याचा संभव अधिक आहे. अशीं पानें संग्राहकांच्या हातीं येतात, परंतु क्षुल्लक समजून याद्यांत 'फुटकळ' या एका शब्दाखालीं घातलीं जातात, किंवा पुरश्चरणाच्या रद्दीबरोबर नदींत सोडलीं जातात. तीं नष्ट झालीं म्हणजे हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहील. यास्तव प्रत्येक पानाबाबत तीन गोष्टी टिपाव्या: उत्सवाचें नांव कोणतें दिलें आहे, कथा ढुंढेची कीं प्रल्हादाची, आणि लेखनाचा शक व स्थल काय आहे. नकलेचा शक हा रचनेचा काल नव्हे, हें खरें. पण त्या वर्षीं त्या गांवीं कोणती कथा वाचली जात होती, याचा तो साक्षात् पुरावा आहे.