एका टाकीत कोणते सिक्लिड?

एंजल आणि डिस्कस हे अ‍ॅमेझॉन खोऱ्यातले सिक्लिड मासे. त्यांना कमी क्षारांचं, किंचित आम्लधर्मी पाणी मानवतं. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातही सिक्लिड राहतात, पण तिथलं पाणी अल्कधर्मी, पीएच साधारण ७.८ ते ८.६. म्हणून या दोन ठिकाणच्या सिक्लिडांची एकाच टाकीत मोट बांधू नका.

मलावीच्या खडकांत राहणारे ‘म्बुना’ आपसांतही भांडतात. नर आपली कपार राखतो आणि स्वतःसारख्याच रंगाचा नर दिसला की पर ताठ करून अंगावर धावून जातो. त्यामुळे वेगवेगळ्या रंगांच्या जाती निवडा, एका नरामागे तीन-चार माद्या ठेवा आणि दगड रचून लपायला जागा करा. दगड काचेच्या तळावरच टेकवा. वाळूवर रचले तर मासे खालून उकरतात आणि ढीग कोसळतो. फाटलेले पर दिसले, तर मार खाणारा मासा लगेच वेगळा काढा.