घोडा का अडला?
(मोठ्या गटासाठी. पालकांनीही वाचावे.)

मुलांनो, एक जुने कोडे तुम्हांला ठाऊक असेल. भाकरी का करपली? पान का सडले? घोडा का अडला? तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच: न फिरवल्यामुळे. तव्यावरची भाकरी वेळेवर फिरवावी लागते, टोपलीतली विड्याची पाने खालीवर करावी लागतात आणि घोड्याला रोज रपेट घडवावी लागते, नाहीतर तो हट्टी होतो. कोडे छानच आहे. पण घोडा अडण्याचे आणखी एक कारण असते आणि ते या कोड्यात नाही. त्याचा पाय दुखत असतो.

आपल्या वर्गातली काही मुले सीब आणि बरका या बाजूच्या तबेल्यांत घोड्यावर बसायला शिकतात. त्यांतल्या एकीने विचारले की, खुराला लागलेल्या घोड्यावर बसावे की बसू नये, आणि हे ठरवायचे कोणी? प्रश्न सोपा नाही. फी भरलेली असते, बाबा बाहेर गाडीत थांबलेले असतात, शिकवणारा म्हणतो, "चार पावले चालला की सुटेल." अशा वेळी दहा-बारा वर्षांच्या मुलाला "मी आज बसत नाही" म्हणायला बराच धीर लागतो. तो धीर नुसत्या दयेतून येत नाही, माहितीतूनही येतो. म्हणून आज खुराची माहिती घेऊ.

घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो. आपल्या हाताचे मधले बोट टेबलावर उभे टेकवून पाहा, तसा. खूर म्हणजे त्या बोटाचे नखच, पण बोटाला चारी बाजूंनी वेढणारे. आत एक हाड असते आणि ते खुराच्या भिंतीला असंख्य बारीक पापुद्र्यांनी घट्ट चिकटलेले असते. खाली तळवा असतो. तळव्याच्या मागच्या भागात रबरासारखा लवचिक त्रिकोणी भाग असतो, त्याला इंग्रजीत 'फ्रॉग' म्हणजे चक्क बेडूक म्हणतात! पाऊल टेकले की हा भाग थोडा दबतो आणि धक्का सोसतो. खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखी, तिला संवेदना नाही. म्हणून नाल ठोकताना खिळा योग्य जागी गेला तर घोड्याला दुखत नाही. आतला भाग मात्र जिवंत असतो, रक्ताने भरलेला आणि अतिशय हळवा.

आता वजन पाहा. अरबी घोडा साधारण चारशे किलोचा असतो. उभा असताना त्यातले साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असते. चौखूर धावताना एखाद्या क्षणी एकच पाय जमिनीवर असतो आणि त्याच्यावर वजनाच्या दुप्पट-अडीचपट भार पडतो. त्यात आपण, खोगीर आणि रिकीब. त्या पायाच्या तळव्यात पू झालेला असेल तर काय होईल, याची कल्पना करा.

घोडे आणि आपण मराठी माणसे, दोघांचेही या किनाऱ्याशी जुने नाते आहे बरे का. सूरजवळचे कल्हात हे प्राचीन शहर तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिले असेल. युनेस्कोने २०१८ साली ते जागतिक वारसा म्हणून नोंदवले. तेराव्या शतकातल्या मार्को पोलोने लिहून ठेवले आहे की, या बंदरातून उत्तम घोडे जहाजांत चढवून हिंदुस्थानात पाठवत. दक्षिण हिंदुस्थानाबद्दल त्याने आणखी एक गोष्ट सांगितली आहे. तिथे घोड्यांची निगा राखणारे नालबंद नव्हते, त्यामुळे दरवर्षी पुष्कळ घोडे मरत. आणि घोडे विकणारे व्यापारी मुद्दामच नालबंदांना तिकडे जाऊ देत नसत, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा विक्री! मार्को पोलोच्या ऐकीव गोष्टी थोड्या जपूनच घ्याव्यात. तरी पायाची निगा नसेल तर घोडा टिकत नाही, हे त्या काळीही लोकांना चांगले ठाऊक होते, एवढे त्यावरून दिसते. मराठ्यांच्या लष्करात शिलेदाराला आगाऊ जी रक्कम देत तिला 'नालबंदी' म्हणत, यातच सारे आले. शिवाजी महाराजांचे मे १६७३ चे चिपळूणकडच्या लष्कराला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण आताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे त्यात बजावले आहे. घोडा स्वतः बोलत नाही, म्हणून जबाबदारी माणसाची.

असो. तबेल्यात गेल्यावर पाहायचे काय?

आधी घोडा नुसता उभा असताना पाहा. मागचा एक पाय सैल सोडून उभे राहणे ही त्याची विश्रांतीची रीत आहे, त्याची काळजी नको. पण पुढचा एक पाय सारखा पुढे टाकून, टेकवायला कुरकुर करत असेल तर काहीतरी बिघडले आहे. पुढचे दोन्ही पाय पुढे टाकून, मागे रेलून उभा असेल आणि वळायला तयार नसेल तर ती फार गंभीर खूण आहे. हाड आणि भिंत यांना जोडणारे जे पापुद्रे मघाशी सांगितले, त्यांनाच सूज आल्यावर घोडा असा उभा राहतो. अशा घोड्यावर बसायचे तर नाहीच, त्याला फिरवायचेही नाही. ताबडतोब डॉक्टर बोलवायचा.

मग मोतद्दाराला घोडा चालवून दाखवायला सांगा. (मोतद्दार म्हणजे घोड्याची देखभाल करणारा. हा सुंदर शब्द विसरू नका.) जमीन सपाट आणि कडक हवी, दोर सैल हवा. आधी साधी चाल, मग दुडकी. लंगडणे दुडक्या चालीत चांगले कळते, कारण तिचा ताल अगदी सारखा असतो: टप् टप्, टप् टप्. ताल चुकला की कानालाच कळते. डोळ्यांनी पाहायचे ते डोके. पुढचा दुखरा पाय जमिनीला लागला की घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय पडला की डोके खाली येते. पुष्कळांना हे उलटे वाटते, म्हणून नीट लक्षात ठेवा. मागचा पाय दुखत असेल तर डोक्यापेक्षा पुठ्ठ्याकडे पाहावे. दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो.

शेवटी हात लावून पाहा. खूर गरम आहे का? इथे मस्कतच्या बाजूला जूनमध्ये उन्हात उभ्या घोड्याचे चारही खूर तापलेले असतात, तेव्हा नुसत्या गरमपणावरून काही कळत नाही. सकाळी, सावलीत पाहावे आणि चारही खुरांची तुलना करावी. एकच खूर बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर संशय घ्यावा. खुराच्या वर, घोट्याच्या मागच्या दोन्ही बाजूंना बोटे हलकी टेकवली की नाडी लागते. एरवी ती इतकी मंद असते की पटकन सापडत नाही. ठणठण उडत असेल तर खुरात दाह आहे.

हे झाले ओळखणे. आता खुराला होते काय काय ते पाहू, कारण प्रत्येक दुखण्याचे उत्तर वेगळे आहे.

सर्वांत नेहमीचे म्हणजे तळव्यात गळू होणे. काल ठीक असलेला घोडा आज पाय टेकवत नाही, पाहणाऱ्याला वाटते हाडच मोडले. खूर फुगू शकत नाही, त्यामुळे आत साठलेल्या पुवाला जागा मिळत नाही आणि ठणका भयंकर असतो. डॉक्टर किंवा जाणता नालबंद तळव्यातून वाट करून देतो, पू निघतो आणि घोड्याला बहुधा लवकर आराम पडतो. पण आराम पडला म्हणजे बसायला तयार झाला असे नाही. ते भोक कोरडे व्हायला हवे, त्यात वाळू आणि लीद जाता कामा नये.

दुसरे म्हणजे खिळा घुसणे. रुसैलसारख्या कारखान्यांच्या भागात मोकळ्या जागेत खिळे, स्क्रू, तारांचे तुकडे पडलेले असतात, तेव्हा हा धोका आपल्याकडे खराच आहे. खिळा दिसला की उपसून काढायचा मोह होतो. शक्य असेल तर तो काढू नये. घोड्याला जागेवर उभे ठेवावे, खिळा आणखी आत जाणार नाही अशी काळजी घ्यावी आणि डॉक्टरला बोलवावे. खिळा कोणत्या दिशेने किती आत गेला आहे हे क्ष-किरण चित्रात दिसते. बेडकाच्या जवळ घुसलेला खिळा सांध्यापर्यंत पोचू शकतो आणि मग घोड्याच्या जिवावर बेतते. घोड्यांना धनुर्वातही चटकन होतो, म्हणून लस दिलेली आहे का हे विचारायलाच हवे.

वाडीतल्या (इथली वाडी म्हणजे कोरड्या नदीचे पात्र, आपली नारळाची वाडी नव्हे) गोट्यांवरून चालून तळवा ठेचाळतो, त्याला विश्रांती आणि मऊ जमीन हवी. खुराच्या भिंतीला चीर पडते. ती वरवरची असेल तर नालबंद घासून, नाल नीट बसवून देतो आणि घोडा कामही करू शकतो. पण चीर वर केसांच्या रेषेपर्यंत गेली असेल, हलत असेल किंवा तिच्यातून रक्त येत असेल तर बसू नये. नवी नाल मारल्यावर दोन-तीन दिवसांत घोडा लंगडला तर एखादा खिळा आतल्या जिवंत भागाला लागला असण्याचा संभव असतो.

आता "चार पावले चालला की सुटेल" या वाक्याकडे येऊ. ते वाक्य अगदीच खोटे नाही. म्हातारे घोडे सकाळी आखडलेले असतात आणि चालल्यावर मोकळे होतात, आपल्या आजी-आजोबांसारखेच. पण हे आखडणे वेगळे आणि एका पायाने लंगडणे वेगळे. यातला फरक डॉक्टरने सांगायचा असतो. शिकवणाऱ्याने, मोतद्दाराने किंवा आपण तो अंदाजाने ठरवायचा नसतो. माझे मत विचाराल तर डोके वरखाली होताना दिसले की त्या दिवसापुरता विषय संपला.

वेदनाशामक औषध देऊन घोडा बाहेर काढला तर? घोडा लंगडणार नाही, हे खरे. पण दुखणे तिथेच असते, फक्त त्याला जाणवत नाही, आणि तो दुखऱ्या पायावर पूर्ण भार टाकतो. शिवाय असा घोडा ठेचकाळला तर बसणारा त्याच्यासकट खाली येतो. लांब पल्ल्याच्या घोडदौडीत वाटेत टप्प्याटप्प्यावर डॉक्टर प्रत्येक घोड्याला पळवून पाहतात आणि लंगडणारा घोडा तिथेच बाद होतो, मग तो सगळ्यांच्या पुढे का असेना. ओमानी लोकांची घोड्यांची 'अर्धा' तुम्ही पाहिली असेल. दोन घोडे जोडीने भरधाव सोडतात आणि स्वार पाठीवर उभे राहतात. तिचीही युनेस्कोच्या यादीत २०१८ सालीच नोंद झाली. त्या जोडीतल्या एकाचे पाऊल चुकले तर दोघेही स्वार गेले.

भारतात तर याला कायदाच आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जखमी किंवा आजारी जनावराला कामाला लावणे हा गुन्हा आहे. माथेरानला सुट्टीत घोड्यावर बसाल तेव्हा हे लक्षात असू द्या. तिथे लाल मातीच्या रस्त्यांवर ब्लॉक बसवले, तेव्हा त्यांवरून घोडे घसरतात अशी घोडेवाल्यांनी तक्रार केली आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. घोड्यावर ज्यांचे पोट आहे, त्यांना त्याच्या पायांची काळजी असतेच. पण हंगामाच्या दिवसांत एका फेरीचे पैसे सोडणे त्यांना जड जाते, हेही समजून घ्यायला हवे. म्हणून नुसते रागावू नका. दुसरा घोडा मागा.

पुन्हा कधी बसायचे? औषध बंद केल्यावर घोडा कडक जमिनीवर दुडकी चाल सरळ चालला, डॉक्टरने हो म्हटले, की मग. तेही आधी काही दिवस साध्या चालीने, मऊ वाळूवर. खूर महिन्याला जेमतेम सहा ते दहा मिलिमीटर वाढतो. वरच्या कडेला झालेली इजा खाली टोकापर्यंत सरकत येऊन निघून जायला नऊ महिने ते वर्ष लागते. तोवर दर सहा आठवड्यांनी नालबंद येणार आणि ती खूण थोडी खाली आलेली दिसणार.

आणि ज्या दिवशी बसायचे नाही त्या दिवशी घरी परत जाऊ नका. शिकवणाऱ्याकडून खूर उचलायला शिका. घोड्याच्या शेपटीकडे तोंड करून बाजूला उभे राहायचे, खांद्यापासून हात खाली सरकवत न्यायचा, खूर हातात आला की लोखंडी आकडीने टाचेकडून बोटाकडे माती काढायची. गुडघे टेकून बसायचे नाही, वाकायचे फक्त. कुबट घाण वास आला तर तबेला ओला राहतो आहे, ते मोतद्दाराला सांगायचे.